मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आधी आठवा

घरात मोठं आजारपण आलं की आपल्याकडे एक ठरलेला क्रम असतो. आधी गल्लीतले डॉक्टर, मग त्यांनी सुचवलेलं नर्सिंग होम, मग शहरातलं मोठं खासगी हॉस्पिटल. तिथे अनामत भरली जाते, बिल वाढत राहतं, मुदत ठेव मोडते, पाटल्या सोनाराकडे जातात. पैसा संपत येतो आणि पेशंटही खालावलेला असतो, तेव्हा कुणीतरी म्हणतं, "आता केईएमला हलवा." नागपुरात म्हणतात "मेडिकलला न्या", पुण्यात "ससूनला", छत्रपती संभाजीनगरात "घाटीत", कोल्हापुरात "सीपीआरला".

हा क्रम बदला, एवढंच सांगायला हा लेख लिहितो आहे. आजार खरोखर मोठ्या हॉस्पिटलचा असेल, तर सरकारी किंवा महापालिकेच्या मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल पहिल्याच आठवड्यात आठवा. गाठीला चार पैसे असतील तरी आठवा. आणि तिथे जाताना तयारीने जा. ही हॉस्पिटलं आपल्या पैशांतून उभी आहेत, त्यांची बलस्थानं आपल्याला ठाऊक हवीत, त्यांच्या उणिवाही ठाऊक हव्यात.

खासगी डॉक्टरांवर राग म्हणून हे लिहीत नाही. त्यांच्यातही जीव ओतून काम करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेच जण याच सरकारी कॉलेजांत शिकलेले आहेत. मुद्दा आपल्या निर्णयाचा आहे. भीतीने आणि ऐकीव गोष्टींवरून आपण जो निर्णय घेतो, तो माहितीवर घ्यायला शिकूया.

शिकवणं हीच खरी ताकद

मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आणि साधं सरकारी हॉस्पिटल यांत फरक आहे. कॉलेजच्या हॉस्पिटलात डॉक्टर घडवले जातात. महाराष्ट्रातली ही कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे. त्याचं मूळ थेट १८४२ सालच्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेत आहे, आणि सावंतवाडी-दोडामार्गची माणसं आजही गंभीर पेशंट घेऊन तिकडे धाव घेतात.

"शिकाऊ डॉक्टर आपल्यावर प्रयोग करतील" ही भीती मी पुष्कळ घरांत ऐकली आहे. ती समजून घेण्यासारखी आहे, पण वॉर्डात प्रत्यक्ष काय चालतं ते पाहिलं की कमी होते. तिथे पेशंट एका डॉक्टरचा नसतो, एका युनिटचा असतो. युनिटमध्ये प्राध्यापक, सहयोगी आणि सहायक प्राध्यापक असतात, त्यांच्या हाताखाली पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर, मग इंटर्न, आणि शेवटी एमबीबीएसची मुलं. सकाळी राउंड सुरू झाला की खालच्याने वरच्याला सगळं सांगायचं असतं: पेशंटला काय होतंय, काय सापडलं, कोणती तपासणी का केली, कोणतं औषध का दिलं. वरचा विचारतो, खालच्याला उत्तर द्यावं लागतं. "असंच वाटलं म्हणून दिलं" हे तिथे खपत नाही.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पावसाळा संपतानाचे दिवस, विदर्भातलं एखादं मेडिकल कॉलेज. सोयाबीनच्या शेतात कामाला जाणारी बाई दहा दिवसांच्या तापाने दाखल झाली आहे. बाहेर तिची डेंग्यूची तपासणी दोनदा झाली, मलेरियाची झाली, सलाइन लागली, ताप हटत नाही. प्लेटलेट कमी झाल्या आहेत, धाप लागते आहे. एका विद्यार्थिनीला उद्या ही केस सरांपुढे मांडायची आहे. ती पडदा ओढून घेते, सिस्टरला सोबत उभं करते आणि बाईंना डोक्यापासून पायापर्यंत तपासते. काखेत तिला एक काळी खपली दिसते, विडीचा चटका बसावा तशी. बाईंना तिचा पत्ताही नव्हता, कारण ती दुखत नाही की खाजत नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला ती खपली सगळे पाहतात. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा हा स्क्रब टायफस. त्यावरची डॉक्सिसायक्लिनची गोळी काही रुपयांत मिळते आणि वेळेवर दिली तर बहुतेकदा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर हाच आजार फुफ्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांच्यावर जातो.

इथे भारी मशीन काही कामाला आलं नाही. कामाला आलं ते नीट तपासणं, आणि नीट तपासण्याची सक्ती. ज्या मुलीला उद्या प्रश्न विचारले जाणार आहेत, ती पेशंटपाशी अर्धा तास बसते. एरवी आपल्याला डॉक्टरांची पाच मिनिटं मिळाली तरी नशीब म्हणतो आपण. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात तेच पोट चार जण तपासतात, तीच हकिगत तीन जण विचारतात. पेशंटला कंटाळा येतो, "किती वेळा सांगू?" असं होतं. कृपा करून सांगा. तिसऱ्यांदा सांगताना आठवलेल्या एका बारीक गोष्टीवरून निदान लागतं.

एका छताखाली, रात्री तीन वाजताही

दुसरं बलस्थान म्हणजे तिथे सगळे विभाग आहेत आणि रात्री झोपत नाहीत. गरोदर बाईला झटके आले, तर स्त्रीरोग, मेडिसिन, भूल, नवजात शिशू विभाग आणि रक्तपेढी एवढे सगळे एकाच वेळी लागतात. लहान हॉस्पिटलात यांतले निम्मे लोक फोन करून बोलवावे लागतात, आणि रात्री ते येईपर्यंत जीव टांगणीला. मोठ्या मेडिकल कॉलेजात प्रत्येक मुख्य विभागाचा निवासी डॉक्टर रात्रभर आवारात असतो.

अनुभवाचाही भाग आहे. भाजलेले, विष प्यालेले, रेल्वेखाली सापडलेले, गुंतागुंतीचे पेशंट जिथे रोज येतात, तिथल्या हातांना सराव असतो. सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय अपघातांच्या उपचारासाठी ओळखलं जातं ते यामुळेच. मुंबईत ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा जखमींचा लोंढा सायन-केईएमसारख्या पालिकेच्या हॉस्पिटलांकडे वळला. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री जेजे हॉस्पिटलने तो भार उचलला. कोविडमध्ये, एप्रिल २०२० मध्ये, नायर हॉस्पिटल पूर्णपणे त्या साथीच्या रुग्णांसाठी दिलं गेलं आणि कोविड झालेल्या गरोदर स्त्रियांची बाळंतपणं तिथे होत राहिली. संकट आलं की शहर ज्यांच्या दारात जातं, त्यांची आठवण एरवीही ठेवायला हवी.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती स्पष्ट बोलायला हवी. सरकारी कॉलेजातल्या डॉक्टरला पगार मिळतो. तुमचा सीटी स्कॅन केला काय, न केला काय, त्याच्या पगारात फरक पडत नाही. म्हणून "ऑपरेशनची गरज नाही, गोळ्यांवर भागेल" हे वाक्य तिथे सहज निघतं. ज्यांना ऑपरेशन सांगितलं गेलं आहे आणि मनात शंका आहे, त्यांनी दुसरं मत घ्यायला तरी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जावं. केसपेपरला मामुली पैसे पडतात आणि मत देणाऱ्याचा तुमच्या ऑपरेशनमध्ये काही फायदा नसतो.

या वॉर्डांनी जगाला काय दिलं

सरकारी म्हणजे मागासलेलं, असं आपण धरून चालतो. केईएमचाच इतिहास पाहा. इंग्रजांच्या अमदानीत मोठ्या हॉस्पिटलांतली वरची पदं हिंदी डॉक्टरांना मिळत नसत. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देऊ केली, ती एका अटीवर: शिकवणारे सगळे हिंदी असले पाहिजेत. त्यातून १९२५ साली जीएस मेडिकल कॉलेज आणि १९२६ साली केईएम उभं राहिलं. पहिले डीन होते डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. नायर हॉस्पिटलशी जोडलेलं टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज १९२१ सालचं, असहकाराच्या चळवळीतून जन्मलेलं. आपल्या माणसांना आपल्या माणसांनी शिकवावं आणि बरं करावं, या हट्टातून या संस्था झाल्या आहेत.

पुढे त्याच वॉर्डांतून काय निघालं? १९४९ साली केईएमच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा परिणाम पेशंटमध्ये तपासून इंग्लंडच्या हृदयविकारविषयक नियतकालिकात मांडला, आणि रक्तदाबाच्या औषधोपचाराला जगभर नवं वळण मिळालं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक विलक्षण रक्तगट शोधला. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण अशा माणसाला 'ओ' गटाचं रक्तही चालत नाही, त्याच गटाचं लागतं. आज जगात त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून, शास्त्रीय नोंदींसह, टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला तोही केईएममध्येच.

तिकडे सायनला, धारावीच्या कुशीत, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातेच्या दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. कमी दिवसांच्या, मूठभर वजनाच्या बाळांना आईचं दूध पुरेसं मिळत नव्हतं आणि वरच्या दुधाने जंतुसंसर्ग होत होता. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, निर्जंतुक करून, गोठवून ठेवायचं आणि अशा बाळांना द्यायचं. या कामाची गरज ओळखायला रोज अशी बाळं हाताळावी लागतात, आणि सायनला ती रोज येत होती.

आणि या कॉलेजांतून बाहेर पडलेली माणसं. एकट्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची उदाहरणं घेतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथले. त्यांनी गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळं वाचवण्याची जी पद्धत उभी केली, ती पुढे देशाच्या आरोग्यसेवेने उचलली. हेमलकशाचे डॉ. प्रकाश आमटे तिथले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर एमबीबीएस तिथेच झाले, एमडी पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून. कोकणात विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः लहान मुलं, पटापट मरत होती. बावस्करांनी प्रत्येक पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशावर लागू पडतं हे दाखवलं. मृत्यू झपाट्याने कमी झाले. ही माणसं शिकली ती तुमच्या-आमच्या कराच्या पैशांवर, आणि वॉर्डात पडलेल्या गोरगरीब पेशंटांच्या शरीरावर हात ठेवून. ते ऋण या मंडळींनी फेडलं.

परिचारिकांचं नाव घेतल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हॉस्पिटलातच भयंकर हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. ज्या आवारात त्यांची सुरक्षा राखली गेली नाही, त्याच आवारात पुढे जवळजवळ ४२ वर्षं, २०१५ साली त्या जाईपर्यंत, परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवलं, न्हाऊ-माखू घातलं, कूस बदलली. २०११ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला. सरकारी हॉस्पिटलातल्या माणसांत माया नसते असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी.

उणिवा झाकून उपयोग नाही

आता दुसरी बाजू. गर्दी आहे. खाटा कमी पडतात, पेशंट जमिनीवर गादी टाकून झोपतात. संडास स्वच्छ नसतात. कधी मशीन बंद असतं, कधी औषध बाहेरून आणायला चिठ्ठी मिळते. प्राध्यापकांची, परिचारिकांची पदं रिकामी राहतात. निवासी डॉक्टर सलग चोवीस, कधी छत्तीस तास काम करतात आणि त्यांच्या तोंडून तुटक उत्तर येतं.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाल्याची बातमी आली. त्यांत बारा नवजात होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या बातमीने अंगावर काटा आला नाही असा माणूस नसेल. त्यातून दोन गोष्टी शिकायच्या आहेत. एक, औषध आणि मनुष्यबळ नसेल तर कितीही मोठी परंपरा पेशंटला वाचवू शकत नाही. दुसरी, अशा हॉस्पिटलात शेवटच्या घटकेला आणलेले पेशंट फार असतात, आणि तिथल्या मृत्यूंच्या आकड्यात ते मोजले जातात. पहिली गोष्ट सरकारने सुधारायची आहे. दुसरी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे: वेळेत जा.

अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांत नवी सरकारी कॉलेजं निघत आहेत. २०२४ साली गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, जालना अशा ठिकाणी ती सुरू झाली. आनंदाची गोष्ट आहे. पण पाटी बदलल्याने जिल्हा रुग्णालय एका रात्रीत केईएम होत नाही. तिथे शिकवणारे अनुभवी प्राध्यापक आले, तरच वर सांगितलेली प्रश्न विचारण्याची शिस्त येते. आपल्या जिल्ह्याच्या नव्या कॉलेजात कोणते विभाग खरोखर चालू आहेत, याची चौकशी करून ठेवा.

जाताना असे जा

प्रत्येक दुखण्याला मेडिकल कॉलेज गाठू नका. सर्दी-खोकला, साधी जखम, नेहमीच्या रक्तदाबाच्या गोळ्या यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, पालिकेचा दवाखाना किंवा आपले फॅमिली डॉक्टर पुरे. मेडिकल कॉलेजची रांग मोठ्या आजारांसाठी मोकळी राहू द्या. साप चावला तर दूरच्या मोठ्या हॉस्पिटलाकडे गाडी हाकू नका, मांत्रिकाकडे तर मुळीच नको. सर्पदंशावरचं प्रतिविष जिथे आहे असं जवळचं सरकारी रुग्णालय आधी गाठा, पुढे पाठवायचं की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे.

मात्र ताप आठवडाभर हटत नसेल आणि निदान लागत नसेल, कॅन्सरची शंका असेल, बाळंतपण जोखमीचं असेल, बाळ कमी दिवसांचं असेल, मोठा अपघात असेल, विषबाधा असेल, भाजलं असेल, किंवा एकाच वेळी दोन-तीन अवयवांचा बिघाड असेल, तर मेडिकल कॉलेजचा विचार पहिल्याच दिवशी करा.

सगळे जुने कागद तारखेनुसार लावून एका फाइलीत घाला. चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. "एक पांढरी गोळी, एक गुलाबी" यावरून कुणालाच काही कळत नाही. आधार कार्ड आणि रेशनकार्ड घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं विमासंरक्षण वाढवून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये करण्याचा आणि योजना सगळ्याच रेशनकार्डांना खुली करण्याचा निर्णय राज्याने २०२३ साली घेतला. आपला आजार त्यात बसतो का, हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि बिल झाल्यावर नव्हे तर दाखल होतानाच विचारा.

आणखी एका माणसाला भेटा, ज्याच्याकडे फार थोडे नातेवाईक जातात: समाजसेवा अधीक्षक. मोठ्या हॉस्पिटलांत त्यांची खोली असते. बाहेरून आणायच्या महागड्या औषधांसाठी कोणता ट्रस्ट मदत करतो, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज कसा करायचा, बाहेरगावच्या नातेवाइकांची राहायची सोय कुठे होईल, हे सांगणं त्यांचं कामच आहे. दलालाच्या हातात पैसे ठेवण्याआधी या खोलीचा दरवाजा ठोठवा.

केसपेपर काढला की त्यावर युनिट आणि ओपीडीचा वार लिहिलेला पाहा आणि पाठ करा. पुढच्या वेळी त्याच युनिटच्या त्याच वारी या. मंगळवारचा पेशंट गुरुवारी आला तर त्याला नवे डॉक्टर भेटतात, सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, आणि मग आपण म्हणतो की इथे कुणाचा कुणाला पत्ता नाही. सकाळी लवकर पोचा. रक्ततपासणीला उपाशीपोटी यायचं आहे का, ते आदल्या भेटीतच विचारून घ्या. वॉर्डात बोलायला घरातला एकच माणूस ठरवा. रोज नव्या काकांनी येऊन तेच विचारलं तर डॉक्टरही वैतागतात आणि उत्तरंही दहा प्रकारची होतात. घरी जाताना डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, त्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा.

आपले हक्कही माहीत असू द्या. विद्यार्थ्याने तपासायला आपली हरकत नसावी, शिक्षण त्यातूनच होतं. पण आपली संमती विचारली गेली पाहिजे, आणि बाईमाणसाला तपासताना सोबत स्त्री असावी असा आग्रह धरता येतो. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत समजावून मागा. एखाद्या औषधाच्या अभ्यासात सहभागी व्हा म्हणाले तर नीट समजून घ्या, वेळ घ्या. नाही म्हणालात म्हणून आपले नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

आपल्याकडून काय हवं

पहिली गोष्ट, हात उचलू नका. दुःखात माणसाचा तोल जातो, हे खरं. पण समोरच्या पंचवीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने आपल्या पेशंटसाठी रात्रभर धावपळ केलेली असते. खाटा कमी असणं, औषध नसणं हा त्यांचा गुन्हा नाही. डॉक्टरवर हल्ला हा राज्याच्या २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे, पण कायद्याच्या भीतीपेक्षा दुसरं कारण मोठं आहे: एका वॉर्डात मारहाण झाली की निवासी डॉक्टरांचं काम थांबतं आणि त्या दिवशी दारात आलेले शेकडो पेशंट ताटकळतात. तक्रार जरूर करा. लेखी करा, तारीख-वेळ-वॉर्ड लिहा, अधिष्ठात्यांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

दुसरी, रक्त द्या. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्तपेढ्यांत टंचाई होते, कारण तेव्हा कॉलेजं बंद असतात आणि शिबिरं थांबतात. आपल्या सोसायटीचं, मंडळाचं, कारखान्याचं शिबिर नेमकं त्या दिवसांत ठेवा आणि सरकारी रक्तपेढीला बोलवा.

तिसरी, देहदानाचा विचार करा. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला मुलं माणसाचं शरीर आतून शिकतात ते दान मिळालेल्या देहावर. कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो. अर्ज भरला की घरच्यांना विश्वासात घेऊन सांगा, कारण त्या घडीला फोन त्यांनीच करायचा असतो. नेत्रदान करून मग देहदानही करता येतं.

चौथी गोष्ट सगळ्यांत मोठी आहे. ज्यांना बोलता येतं, लिहिता येतं, आमदाराला फोन लावता येतो, असा वर्ग गेल्या तीस-चाळीस वर्षांत या हॉस्पिटलांतून निघून गेला. मागे राहिले ते ज्यांचं कुणी ऐकत नाही असे लोक. संडास घाण का, मशीन सहा महिने बंद का, प्राध्यापकाची जागा तीन वर्षं रिकामी का, हे विचारणारं मग तिथे कुणी उरलं नाही. आपण परत गेलो, आपल्या आईला तिथे दाखवलं, आपल्या मुलीचं बाळंतपण तिथे केलं, तर हे प्रश्न आपले होतील आणि ते विचारले जातील. तुमच्या शहरात मेडिकल कॉलेज असेल तर मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर स्थानिक वर्तमानपत्राला द्या. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला रस्त्या-गटाराबरोबर या हॉस्पिटलाबद्दलही विचारा, आणि त्याचं उत्तर लक्षात ठेवा.

आज घरात सगळे धडधाकट असतील तर उत्तमच. याच आठवड्यात वेळ काढून आपल्या जवळच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात एक फेरी मारा. कॅज्युअल्टीचं दार कोणत्या बाजूला आहे, रात्री केसपेपर कुठे निघतो, रक्तपेढी कुठल्या इमारतीत आहे, समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात, एवढं पाहून या आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आजारपण सांगून येत नाही. ते येईल त्या दिवशी कुठे जायचं, हा निर्णय आज शांत डोक्याने घेतलेला बरा.